पार्व्होच्या पिल्लाची शीर सापडली नाही, मांजरीच्या घशात ट्यूब गेली नाही. अनुभवी लोकांनी सांगावं

सेलूची_पशुवैद्य

नमस्कार. मी उदगीरला शिकले. दोन वर्षं गाई-म्हशींचंच काम केलं आणि दहा महिन्यांपूर्वी सेलूत स्वतःचा छोटा दवाखाना टाकला. गाईच्या मानेची शीर अंगठ्यानं दाबली की दोरखंडासारखी वर येते, तिथं माझा हात कधी अडला नाही. आता दारात रोज कुत्री-मांजरं येतात आणि तिथं अडतो.

फेब्रुवारीत एक गृहस्थ दोन महिन्यांचं गावठी पिल्लू उपरण्यात गुंडाळून घेऊन आले. जिनिंगवरची रात्रपाळी संपवून सरळ दवाखान्यात. तीन दिवसांच्या उलट्या, रक्ताची हगवण, डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांच्या विषाणूजन्य आजाराची, किट पॉझिटिव्ह आली. वजन २ किलो १०० ग्रॅम. मी २२ नंबरचं निळं इंट्राकॅथ (सुईवर चढवलेली, शिरेत ठेवायची प्लास्टिकची नळी) घेतलं. उजव्या पुढच्या पायात दोनदा, डाव्यात दोनदा टोचलं. दोन वेळा मागच्या कुपीत रक्त दिसलं, पण नळी पुढे सरकवायला गेले की अडायची, शीर फुटायची आणि टेंगूळ यायचं. शेवटी कातडीखाली सलाईन दिलं. ते संध्याकाळपर्यंत पोटाकडे लोंबत तसंच राहिलं. पहाटे पाचला त्यांचा फोन आला, पिल्लू गेलं. ते मला एक शब्द वाईट बोलले नाहीत. त्यामुळे जास्तच लागलं.

दुसरी गोष्ट मागच्या आठवड्यातली. एका शिक्षिकेची मांजर नसबंदीला आली होती, २.८ किलोची. झायलाझीन-केटामाइनची भूल दिली आणि श्वासनळीत घालायची ४ नंबरची ट्यूब घेऊन तोंड उघडलं, तर श्वासनळीचं दार घट्ट मिटलेलं. तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी लाळेत लाल रेघ दिसली आणि मी हात काढून घेतला. ऑपरेशन केलं नाही. शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळ बसले आणि घरी पाठवली.

माझ्याकडे भुलीच्या गॅसचं मशीन नाही, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. दोन सहकारी म्हणतात, झायला-केटावर वीस मिनिटांत ऑपरेशन उरकतं, ट्यूब हवी कशाला? मला ते पटत नाही, पण उत्तर देता येत नाही. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनी बारकाव्यासकट सांगावं ही विनंती.


बालाघाट_वेट (अंबाजोगाई)

डॉक्टर, मांजर घरी पाठवलीत ते योग्यच केलंत. चौथ्यांदा ढकललं असतं तर तिथं सूज येऊन श्वासच बंद झाला असता.

आधी पिल्लाचं बोलू, कारण पावसाळ्यात पार्व्होची पिल्लं पुन्हा येतील.

तुम्ही लिहिलंय, रक्त दिसलं पण नळी अडली. याचा अर्थ शीर तुम्हाला सापडली होती. इंट्राकॅथ उजेडात धरून नीट बघा. सुईचं टोक प्लास्टिकच्या नळीच्या थोडं पुढे असतं. कुपीत रक्त आलं तेव्हा फक्त सुईचं टोक शिरेत गेलेलं असतं, नळीचं तोंड अजून शिरेच्या भिंतीबाहेरच असतं. तेवढ्यात नळी ढकलली की ती भिंतीला धडकते आणि शीर फाटते. रक्त दिसलं की थांबायचं, हात खाली आणून सुई पायाला जवळजवळ समांतर करायची, सुईसकट आणखी २-३ मिलिमीटर आत जायचं आणि मगच सुई जागेवर धरून नळी सरकवायची. सुकलेल्या पिल्लात रक्तदाब इतका पडलेला असतो की रक्त कुपीत यायलाच दोन-तीन सेकंद लागतात. आपण घाईत शीर ओलांडून पलीकडे जातो आणि शीर नव्हतीच असं समजतो. एकदा बाहेर काढलेली सुई नळीत परत घालू नका. नळीचा तुकडा कापला जाऊन रक्तात वाहत जाऊ शकतो.

दोन किलोच्या पिल्लाला निळं थोडं जाड पडतं, पिवळं २४ ठेवा. पाणी आटलेल्या पिल्लाची कातडी चिवट होते. ती भेदताना नळीचं नाजूक तोंड चुरगळतं आणि चुरगळलेली नळी शिरेत जात नाही. म्हणून आधी कातडी शिरेवरून बाजूला ओढायची, १८ नंबरच्या सुईच्या धारेनं तिथं बारीक छेद द्यायचा, कातडी सोडायची आणि त्या छेदातून इंट्राकॅथ घालायचं. हा अर्ध्या मिनिटाचा उपद्व्याप आहे, पण माझ्या हातून शिरा फुटण्याचं प्रमाण यानंच निम्म्यावर आलं. पहिली टोच पंजाच्या जवळ मारा. वर फुटली तर खालची जागा उपयोगाची राहत नाही, खाली फुटली तर वर जाता येतं.

पायाला हात लावून बघा, गार लागतो का. गार पिल्लाच्या शिरा आखडलेल्या असतात. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पाच मिनिटं पायाशी ठेवा. केस चारही बाजूंनी काढा, नाहीतर चिकटपट्टी धरत नाही.

आता मुख्य गोष्ट. पिल्लू निपचित असेल तर मी पुढच्या पायात दोन प्रयत्न करतो, मानेच्या शिरेत एक, आणि तेही जमलं नाही तर सरळ हाडात जातो. एवढं सगळं पाच-सात मिनिटांत. चौथी, पाचवी टोच मारत बसायचं नाही. हाडाच्या पोकळीतून दिलेलं सलाईन शिरेतल्या इतकंच झटपट रक्तात जातं, आणि शिरा मिटल्या तरी हाड मिटत नाही. पिल्लाला कुशीवर झोपवा. वरच्या मागच्या पायाच्या मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा अंगठ्याला लागतो, त्याच्या आतल्या अंगाला खळगा असतो. केस काढून ऑपरेशनइतकी स्वच्छता करा, हाडाच्या आवरणापर्यंत बधिर करायला थेंबभर लिग्नोकेन द्या. पाय किंचित आत वळवून धरा, कारण उंचवट्याच्या मागून पायाचा मोठा मज्जातंतू जातो आणि आत वळवल्यानं तो दूर राहतो. १८ नंबरची स्पायनल नीडल (आत बारीक सळई असलेली, पाठीच्या कण्यात टोचायची सुई) खळग्यात टेकवून हाडाच्या रेषेत पिळत पिळत आत न्या. साधी सुई चालते, पण तिच्या तोंडात हाडाचा चुरा अडकतो. एकदम हाताला मोकळं लागतं. मग मांडी हलवून बघा, सुई आणि हाड एकत्र हललं पाहिजे. सिरिंजनं ओढलं तर थोडी मगज येते आणि सलाईन ढकललं तर मांडी फुगत नाही. सलाईन कोमट करूनच द्या. दोन-तीन तासांत पिल्लात पाणी भरलं की पायाची शीर डोळ्यांना दिसायला लागते. तेव्हा पिवळं इंट्राकॅथ लावून हाडातली सुई काढून टाकायची.

तुमचं कातडीखालचं पाणी तसंच का राहिलं तेही सांगतो. शॉकमध्ये शरीर कातडीकडचा रक्तपुरवठा बंद करून हृदय-मेंदूकडे वळवतं. ते पाणी उचलून न्यायला तिथं रक्तच नव्हतं. पिल्लू आलं तेव्हाच फार उशीर झालेला होता, हेही तितकंच खरं आहे.

आता मांजर. मांजरीच्या स्वरयंत्राला नुसता स्पर्श झाला तरी ते आवळतं, आणि केटामाइनवर ही प्रतिक्रिया शाबूत राहते. तुम्हाला दार बंद दिसलं ते म्हणून. झायला-केटानंतर पायात इंट्राकॅथ लावून घ्या आणि प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचं भुलीचं औषध अगदी थोडं थोडं, जबडा सैल पडेपर्यंत द्या. भरभर दिलं तर श्वास थांबतो. मग २ टक्के लिग्नोकेन स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना ०.१ मिली टाका. मी इन्सुलिनची सिरिंज वापरत नाही, १ मिलीच्या सिरिंजला सुई काढलेल्या इंट्राकॅथची मऊ नळी लावतो, थेंब नेमका पडतो. आणि मग थांबा. घड्याळ बघून ४५ सेकंद ते एक मिनिट, तोपर्यंत मास्कनं ऑक्सिजन. सगळं चुकतं ते या एका मिनिटाच्या घाईत. माणसांच्या दवाखान्यातला १० टक्क्यांचा स्प्रे मात्र मांजरीला मारू नका. त्याच्या एका फवाऱ्यात १० मिलिग्रॅम लिग्नोकेन असतं. दोन-तीन फवारे तुमच्या २.८ किलोच्या मांजरीला विषारी ठरू शकतात.

लॅरिंगोस्कोपचं (घशात बघायच्या दिव्याचं) पातं जिभेच्या मुळाशी दाबा, श्वासनळीच्या दारावरच्या पडद्याला धक्का देऊ नका. मांजर श्वास आत घेते तेव्हा दार उघडतं, त्याच क्षणी जेल लावलेली ट्यूब किंचित फिरवत आत. मिटलेल्या दारावर जोर लावायचा नाही. ४ अडली तर ३.५ हाताशी हवी. कफमध्ये, म्हणजे ट्यूबवरच्या फुग्यात, अर्धा-अर्धा मिली हवा भरा, ॲम्बू (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) हलकेच दाबून तोंडाशी कान लावा, फुसफुस थांबली की बस. मांजरीत बहुतेक वेळा १-२ मिलीतच काम होतं. जास्त फुगवलेल्या कफनं मांजरीची श्वासनळी फाटते. कूस बदलताना ॲम्बू किंवा मशीनचा पाइप आधी सोडवा, तो पिळलाच तर ट्यूब आत वळते आणि तेच होतं.

सहकाऱ्यांना उत्तर. झायलाझीननं कुत्री-मांजरं ओकतात. केटामाइननं लाळ वाढते. पाठीवर झोपवलेल्या जनावराच्या पोटातलं पाणी घशात आलं तर फुप्फुसात जायला अडवणारं ट्यूबशिवाय दुसरं भरवशाचं काही नसतं. आणि वीस मिनिटांच्या ऑपरेशनमध्ये श्वास थांबायला दहा सेकंद पुरतात. तेव्हा ट्यूब आत असेल तर ॲम्बूनं श्वास देता येतो. नसेल तर मिटलेल्या तोंडात निळ्या जिभेशी झटत ट्यूब शोधावी लागते. मी ते केलंय. पुन्हा करायची इच्छा नाही.

एक प्रसंग लिहितो, कारण तो लपवून कुणाचंच भलं होणार नाही. २००६ साली माझ्याच टेबलावर गर्भाशयात पू झालेली लॅब्रेडॉर कुत्री होती. ट्यूब गेली असं मला वाटलं, नळीत वाफही दिसली. ॲम्बू दाबत होतो. माझा मदतनीस म्हणाला, “सर, पोट फुगायलंय.” ट्यूब अन्ननलिकेत होती. काढली, पुन्हा टाकली, जिभेचा रंग परतला, कुत्री वाचली. तेव्हापासून वाफेवर विश्वास ठेवत नाही. ट्यूब दोन पडद्यांमधून जाताना डोळ्यांनी बघतो. मग मान चाचपतो. कडक नळी एकच लागली पाहिजे, दोन लागल्या तर एक अन्ननलिकेत गेलेली ट्यूब असते. दोन्ही बाजूंच्या छातीला स्टेथोस्कोप लावतो. चार वर्षांपूर्वी जुना कॅप्नोग्राफ घेतला. बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तो पडद्यावर दाखवतो, इतकी पक्की खूण दुसरी नाही. पैसे साठवून पहिलं यंत्र घ्याल ते हेच घ्या.

लांबी आधीच बाहेरून मोजा. पुढच्या दातांपासून खांद्याच्या टोकापर्यंत. त्यापुढे गेली तर एकाच फुप्फुसात जाते. मांजरीला ॲम्बूही तान्ह्या बाळाची, दोन बोटांनी दाबायची.


गंगाखेडचा_मामा

मॅडम, मी डॉक्टर नाय. दवाखान्यात एकवीस वर्षं झाली जनावरं धरायलो. सरांनी सुईचं सांगितलं, मी धरायचं सांगतो. शीर धरणाऱ्यानं उभी करायची असती.

कुत्र्याच्या मागं उभं राहायचं, एक हात हनुवटीखालून घालून तोंड आपल्या छातीकडं वळवायचं. दुसऱ्या हातानं कोपर मागून पुढं ढकलायचं. हे लई जण करत नाहीत. कोपर मोकळं सोडलं की टोचलं रे टोचलं, पाय वढतंय आन् शीर फुटतीय. अंगठा कोपराच्या पुढच्या बाजूवर आडवा दाबायचा आन् बाहेरच्या अंगाला थोडा फिरवायचा. शीर आतल्या बाजूला घसरती, फिरवलं की मधोमध येती. नळी आत गेली, डॉक्टर “सोडा” म्हणलं की मगच अंगठा सोडायचा. अंगठा दाबलेला असताना सलाईन ढकललं तरी शीर फुटती. आमच्याकडं नवीन पोरगं होतं, ते रक्त दिसलं की आनंदानं अंगठा सोडायचं. शिकवायला आठवडा लागला.

मांजराची मानगूट धरून उचलू नका. टॉवेलात गुंडाळा, तोंडावर टॉवेलाचा पदर टाका, एक मागचा पाय बाहेर काढा. मांडीच्या आतल्या बाजूला शीर सरळ वरवर जाती, केस ओले केले तरी दिसती. पुढच्या पायापेक्षा मांजर ते जास्त सोसतंय, तोंड लांब राहतंय. पण तिथं लवकर टेंगूळ येतंय, सुई काढली की दोन मिनिटं बोळा दाबून धरायचा. टेबलावर लोखंड गार लागतंय, गोणपाट नाहीतर चटई टाका. पंखा बंद करा, दार लावा, बाहेर कुत्रं भुंकायलं असंल तर आधी त्याला बघून लावून द्या. मालक घाबरट असला तर त्याला बाहेर बसवा, पण म्हाताऱ्या बाईचं मांजर तिच्याच मांडीवर बरं राहतंय हे मी लई वेळा बघितलंय.

ट्यूबच्या वेळी छातीवर बसवायचं. वरचा जबडा सुळ्याच्या मागं बँडेजची पट्टी अडकवून वर धरायचा, मान सरळ रेषेत. गळ्याखालून हात लावून उचलू नका. गळा दबला की डॉक्टरला आतलं काहीच दिसत नाय. जीभ बाहेर वढताना खालच्या दातावर घासून द्यायची नाय, फडक्यात धरायची.

अजून एक, हे जिवाचं सांगतो. जबडा लोंबायलाय, लाळ गळायली, गिळता येईना, मालक म्हणतोय हाड अडकलंय. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. पिसाळलेलं असू शकतंय. ट्यूब टाकणाऱ्या, धरणाऱ्या सगळ्यांनी रेबीजची लस आधीच घेतलेली पाहिजे. तुमच्या मदतनिसाला घेतली का ते आजच विचारा.


जानवळकर

सगळं वाचतोय. आमच्या जानवळला कारवानी कुत्री घरोघर आहेत, माझ्याकडे दोन आहेत. त्यांच्या पायाच्या शिरा लांबून दिसतात, सुई पहिल्या झटक्यात जाते. पण चिकटपट्टी काढताना नराची कातडी सोलून निघाली होती. आणि टाके घालायला भूल दिली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो नीट उभा राहिला नव्हता. आमच्या कुत्र्यांना काही वेगळं लागतं का?


बालाघाट_वेट (अंबाजोगाई)

लागतं. कारवानीच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच, कातडी कागदासारखी पातळ. थायोपेंटोन हे भुलीचं औषध दिलं असेल तर ही शिकारी, पळणारी कुत्री फार सावकाश उठतात. पुढच्या वेळी डॉक्टरांना आधीच “थायोपेंटोन नको, प्रोपोफॉल चालेल का” असं विचारा. पट्टीखाली कापसाचा पातळ थर द्यावा आणि काढताना पट्टी खोबरेल तेलानं भिजवून पाच मिनिटं थांबावं. लांब तोंडामुळे घसा दूर असतो, म्हणून आम्हाला त्यांच्यासाठी लॅरिंगोस्कोपचं लांब पातं लागतं. तुम्हाला त्याची चिंता नको.

आणि मामा, कोपराचं तुम्ही लिहिलंत ते मी नवीन मुलांना सांगायचंच विसरतो.


सेलूची_पशुवैद्य

बारा दिवसांनी लिहितेय.

मामा, तुमचं वाचून त्याच दिवशी विचारलं. माझ्या मदतनिसानं लस घेतलेली नव्हती. आता कोर्स सुरू केलाय, पहिला डोस झाला.

सर, सुईसकट २-३ मिलिमीटर पुढे जाणं हे एकच मी आधी करत नव्हते. नसबंदीला आलेल्या धडधाकट कुत्र्यांवर सात वेळा केलं, सहा वेळा पहिल्याच टोचेत गेलं. नऊशे ग्रॅमच्या एका मांजराच्या पिल्लाची पुढची शीर फुटली, पण मांडीच्या आतल्या शिरेत पिवळं गेलं. मी आणि मदतनीस, दोघंही नंतर काही वेळ बोललोच नाही.

शिक्षिकेची मांजर काल परत आली. आधी टॉवेल, मग इंट्राकॅथ, मग प्रोपोफॉल, लिग्नोकेन. मदतनिसाला मोबाइलवर एक मिनिट लावायला सांगितलं होतं. ते मिनिट संपता संपत नव्हतं. मग बघितलं तर दार श्वासाबरोबर उघडझाप करत होतं. ३.५ ची ट्यूब गेली. मान चाचपली, एकच नळी लागली. मांजरीचा कान हलायला लागला तेव्हा कफ सोडून ट्यूब काढली. आज सकाळी ती दूध पीत असल्याचा फोटो आला.

स्पायनल नीडल औषधाच्या दुकानातून आणून डब्यात ठेवलीय. अजून वेळ आली नाही.

एक शंका उरली. सोमवारी एका पार्व्होच्या पिल्लाला पिवळं लावलं. ते खातंय, खेळतंय. पण आज सकाळी त्याचा पंजा सुजलेला दिसला. काढू की ठेवू?


बालाघाट_वेट (अंबाजोगाई)

सूज कुठं आहे ते बघा. पट्टीच्या खाली फक्त पंजा सुजला असेल, बोटं फाकली असतील, तर पट्टी आवळलीय. पट्टी कापून सैल बांधा, तासाभरात उतरते. नळीच्या टोकाच्या वर पाय फुगला असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर सलाईन शिरेबाहेर जातंय. ते लगेच काढा आणि दुसऱ्या पायात लावा. मी दोन्ही वेळा, सकाळी आणि रात्री, पट्टी उघडून बघतो, नॉर्मल सलाईन ढकलून बघतो आणि तीन दिवसांनी चांगलं चालत असलं तरी जागा बदलतो. आणि ते पिल्लू खातंय, उलटी नाही म्हणता, तर त्याला आता सलाईनची गरज आहे का तेही बघा. नसेल तर आजच काढून टाका.


सेलूची_पशुवैद्य

पट्टीच आवळली होती. बोटं फाकलेली होती. कापली, आता पाय खाली टेकवतंय. उलटी कालपासून नाही, संध्याकाळी काढते.